बावीस पायऱ्यांवरचा काटा

सोमवार, ६ जानेवारी

ही वही मला भिंगरीनं दिली. भिंगरी म्हणजे माझी नात. लहानपणी तिचे पाय एका जागी ठरत नसत म्हणून मी ठेवलेलं नाव. शाळेतलं नाव वेगळं आहे, ते तिच्या कागदांवर शोभतं. वहीच्या पुठ्ठ्यावर एक पाइप आणि घड्याळासारखी तबकडी छापली आहे, कुठल्याशा मीटरवाल्यांनी वाटलेली. म्हणाली, "आजी, दिवसभर जे बोलतेस ते यात लिही, म्हणजे माझ्या कानांना सुट्टी." मी म्हटलं, "माझी शाळा चौथी, तीही अर्धी. गोवर आला नि दप्तर सुटलं." तर म्हणते, "तुला बोलायला कधी शाळा लागली?" आगाऊ आहे. पण आईवेगळी पोर, मीच वाढवली, तेव्हा आगाऊपणाही माझ्याच हातचा म्हणायचा.

आज लिहिण्यासारखं आहे म्हणून लगेच बसले. भिंगरीला स्वतःच्या धंद्यातलं पहिलं मोठं काम मिळालं. पाइपातून पाणी किती गेलं, वायू किती गेला हे मोजणारे मीटर निवडायचे आणि बसवायचे, असा तिचा धंदा. ती, एक वेल्डर आणि एक जुनी गाडी, एवढाच पसारा. आणि काम कुठं मिळालं? बाटल्यांच्या कारखान्यात. जिथं तिच्या बापानं एकोणीस वर्षं भट्टी सांभाळली, तिथं! मला इतका आनंद झाला की भाजीत मीठ दोनदा पडलं.

जेवताना तिनं बापाला सांगितलं. तो खाली मान घालून जेवत राहिला. भाजी खारट झाली असंही म्हणाला नाही.

मागचं लिहून ठेवते, नाहीतर पुढचं माझं मलाच कळायचं नाही. अकरा वर्षांपूर्वी त्या भट्टीतून आगीचा लोळ बाहेर आला. माझ्या मुलाचा डावा हात भाजला. त्याचा जोडीदार, सगळे लंब्या म्हणायचे त्याला, तो जागीच गेला. चौकशी झाली. भट्टीत जाणारा वायू मोजायचा मीटर काढून नेला, तपासला, तर तो अगदी बरोबर निघाला. मग कागदावर आलं की भट्टीवाल्यानं काट्याकडे लक्ष दिलं नाही आणि वायू जास्त सोडला. भट्टीवाला म्हणजे माझा मुलगा. त्यानं खाली सही केली आणि घरी आला तो आलाच. मागच्या अंगणात बसून लोकांचे पंखे नि पंप दुरुस्त करतो.

लंब्याची बायको आमच्याच गल्लीत राहते, सात घरं सोडून. शिलाई मशीन चालवते. आम्हाला बघितलं की तोंड फिरवते. मी तिला नावं ठेवत नाही. तिनं तरी काय करावं? पण माझा मुलगा बाजारात जायचं तर मागच्या दारानं निघतो आणि सगळ्या वस्तीला वळसा घालतो. अकरा वर्षं.

मी मात्र छातीवर हात ठेवून सांगते, ह्याच्यासमोर आमच्या घरात दूध कधी उतू गेलेलं नाही. काटा सोडून हा दुसरीकडे बघणारच नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

मी आपली म्हटलं, मीटर म्हणजे काय, दुकानातून आणायचा नि लावायचा. भिंगरी हसली. "आजी, बाबांसाठी मुलगी बघायला गेलीस तेव्हा किती प्रश्न विचारलेस?"

"सत्तावीस."

"मग? मी बत्तीस विचारते."

आणि वाचूनच दाखवले. पाइपातून जाणार काय, पाणी की वायू? स्वच्छ की गढूळ? गरम किती? कमीत कमी किती जाईल, जास्तीत जास्त किती? पाइप कायम भरलेला असतो का? मला तर आमच्या सोयरिकीपेक्षा हे बरं वाटलं. आम्ही पाइप भरलेला आहे का ते विचारलंच नव्हतं.

पाण्यासाठी तिनं चुंबकाचा मीटर निवडला. त्याच्या आत फिरणारं काही नाही, म्हणून गाळ अडकत नाही. पण पाइप काठोकाठ भरलेला हवा. आधीचा मीटर सगळ्यात उंच जागी लावलेला होता, तिथं हवा साठायची आणि तो अर्ध्या पाइपाला पूर्ण समजून भलताच मोठा आकडा सांगायचा. मी म्हटलं, "उथळ पाण्याला खळखळाट फार." वेल्डर जेवायला बसला होता, त्याला ठसका लागला. आता नवा मीटर जिथं पाणी खालून वर चढतं त्या उभ्या पाइपात बसणार. चढणारं पाणी पाइप भरूनच चढतं.

वायूसाठी तापत्या सळईचा. पाइपात दोन बारक्या सळया सोडतात, एक तापवून ठेवतात. वायू जितका जास्त, तितकी ती निवते. मी म्हटलं, "म्हणजे गरम दुधावर फुंकर. दूध किती निवलं त्यावरून फुंकर किती जोराची ते ओळखायचं." भिंगरी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "हे मी मॅनेजरला असंच सांगणार." सांग बाई, माझी काही हरकत नाही.

मुलगा अंगणातून ऐकत होता. दार उघडं होतं. तिथूनच म्हणाला, "जुना पंख्याचा आहे. वायूनं आतला पंखा फिरतो, पंख्यावर काटा फिरतो." बास, एवढंच. पण अकरा वर्षांत त्यानं भट्टीबद्दल काढलेलं हे पहिलं वाक्य. भिंगरी उठून त्याच्याजवळ जाऊन बसली आणि दोघं कुणाचा तरी पंप खोलत राहिली. मी चहा दोनदा नेला. दुसऱ्यांदा गरज नव्हती.

बुधवार, १५ जानेवारी

आज घाईनं लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

भिंगरी आली ती कपाळाला आठी घालून. जुन्या नकाशात वायूचा मीटर वर आहे, भिंतीच्या कडेनं लांबच लांब सरळ पाइप जातो तिथं. प्रत्यक्षात तो खाली भट्टीजवळ आहे. तिथं पाइप खाली उतरतो, एकदा वळतो, लगेच आडवा वळतो, मध्ये अर्धा उघडा व्हॉल्व्ह, आणि मग मीटर. तिनं आपली सळई वरच्या सरळ पाइपात घातली आणि दोन दिवस दोन्हीकडचे आकडे मांडले. वरून शंभर जातात तेव्हा खालचा पंखा अठ्ठ्याऐंशी म्हणतो.

"असं कसं?" मी विचारलं.

तिनं माझा ओला पदर हातात घेऊन पिळला. "वळणावरून वायू असा पीळ पडून येतो, आजी. पंख्यावर तिरका आदळतो, त्याला मागे ढकलतो. मीटरच्या आधी पाइप सरळ लागतो. पाइप जितका रुंद, त्याच्या दहापट. लागोपाठ दोन वळणं असली तर वीसपट."

"मग तपासला तेव्हा बरोबर कसा निघाला?"

"तपासायच्या टेबलावर पाइप सरळच असतो. मीटर खराच होता. त्याची जागा खोटी होती."

मी अर्धशिकलेली असले तरी एवढा हिशेब मला आला. माझा मुलगा काट्याकडेच बघत होता! काटा कमी सांगत होता, म्हणून त्यानं सोडला वायू जास्त. मी उठून तिच्या गालांना हात लावले.

पण भिंगरीची आठी तशीच. मॅनेजर म्हणतो, मीटर खाली आणला तो अपघातानंतर. आधी तो वरच होता, सरळ पाइपात, खरं सांगत होता. हलवल्याचा कागद कारखान्यात सापडत नाही. तेव्हाचा साहेब कधीच सोडून गेला, वारलासुद्धा.

भिंगरीनं बापाला विचारलं, "बाबा, मीटर खाली कधी घेतला?"

"आठवत नाही," तो म्हणाला. पान्यावरची नजर उचलली नाही.

मी चुलीपाशी होते, तिथूनच ओरडले, "त्याला आठवत नसेल, मला आठवतं ना! अपघाताच्या आधी पाच महिने. माझ्याच डोक्यातून निघालं होतं ते!"

आणि सांगितली सगळी गोष्ट. भिंगरीनं ती लहानपणी ऐकली असेल, पण गोष्ट चांगली आहे, पुन्हा ऐकावी. मीटर वर होता तेव्हा दर तासाला बावीस पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी चढून आकडा बघावा लागे. ह्याचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. मी शेक द्यायची आणि रोज बोलायची. एक दिवस म्हटलं, "अरे, तहानलेल्यानं विहिरीकडे जावं हे खरं, पण विहिरीलाच नळ लावला तर कोण कशाला जाईल? तो काटा खाली आणायला सांग ना डोळ्यांसमोर!" तो म्हणाला, "साहेब ऐकायचा नाही." मी म्हटलं, "कागद आण. मी सांगते, तू लिही." आणि साहेबानं ऐकलं! आठ दिवसांत काटा खाली. गुडघा महिन्यात उतरला. घरादाराला मी ही गोष्ट सांगितली होती तेव्हा. अर्धी चौथी शिकलेल्या बाईनं कारखान्याचं यंत्र हलवलं म्हणून.

गोष्ट संपायच्या आतच मुलगा उठून अंगणात गेला. नेहमीच जातो. स्वतःचं कौतुक झालेलं त्याला लहानपणापासून सोसत नाही, आणि आईचं तर त्याहून नाही.

अर्जाची नक्कल माझ्या पेटीत आहे. उद्या शोधते.

गुरुवार, १६ जानेवारी

सापडली! पेटीच्या तळाशी, माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत. त्याच्या हातची नक्कल, साहेबाची सही आणि तारीख. "माझ्या गुडघ्याला त्रास असल्याने वायूचा मीटर खाली, भट्टीजवळ, डोळ्यांच्या उंचीवर घ्यावा ही नम्र विनंती." नम्र हा शब्द माझा. तो नुसतंच विनंती लिहीत होता.

भिंगरीनं वाचला आणि पेटीवरच बसली. मी म्हटलं, "काय गं, पाच महिने आधीचीच तारीख आहे की नाही?" ती म्हणाली, "आहे." मग माझा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. बापाचं तेव्हाचं अक्षर बघून भरून आलं असणार.

मुलगा दारात उभा होता. म्हणाला, "तो कागद जाळून टाक."

मी म्हटलं, "शुभ बोल रे."

रविवार, १९ जानेवारी

कारखान्यातला म्हातारा मुकादम भिंगरीला भेटायला आला होता. त्यालाही मी काट्याची गोष्ट सांगितली. पूर्वी हा माणूस अशा गोष्टींना मांडीवर थाप मारून हसायचा. आज नुसता फरशीकडे बघत बसला आणि चहा अर्धा ठेवून गेला. म्हातारपण वाईट, दुसरं काय.

तो गेल्यावर बापलेकीची अंगणात कुजबुज चालली होती. मी वाळलेले कपडे काढायला गेले म्हणून कानावर आलं. मुद्दाम नाही. बरं, थोडं मुद्दाम.

"त्या कागदाशिवाय तारीख सिद्ध होत नाही, बाबा."

"नको होऊ दे. अकरा वर्षं गेली, उरलेलीही जातील. पण तिला जर..."

मला बघून गप्प झाले. तिला म्हणजे लंब्याच्या बायकोलाच असणार. खपली कशाला काढायची, असं त्याचं मन. इतका हळवा आहे, आणि लोक म्हणतात याला काळजी नव्हती.

गुरुवार, ३० जानेवारी

भिंगरी दहा दिवस कारखान्याला नि चौकशीवाल्यांना द्यायचा अहवाल लिहीत होती. तोंडात घास, डोळे कागदावर. आज माझ्या पायाशी येऊन बसली.

"आजी, तो अर्ज मी अहवालाला जोडला तर चालेल?"

"चालेल काय, पळेल!"

"नीट विचार करून सांग."

"यात विचार कसला? माझ्या मुलाचं नाव धुऊन निघतंय."

तिनं माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. म्हणाली, "एक लक्षात ठेव. मागणाऱ्याची चूक नसते. सरळ पाइप लागतो हे साहेबाला माहीत असायला हवं होतं. शिक्षण त्याचं, सही त्याची. कुणी काही बोललं तरी हे विसरू नकोस."

मी म्हटलं, "हे मला कशाला पढवतेस? मॅनेजरला पढव."

ती हसली, पण डोळे पुसून हसली. फार काम करते पोर. उद्यापासून हिला बदाम भिजवून देते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आलं! चौकशीवाल्यांचं पत्र आलं!

भिंगरीनं मोठ्यानं वाचलं. जुनी चौकशी पुन्हा उघडून पाहिली, मीटर चुकीच्या जागी बसवल्यामुळे वायूचा आकडा कमी दिसत होता, भट्टीवर काम करणाऱ्याचा दोष नाही. दोष नाही! मी तिला ते दोन शब्द चारदा वाचायला लावले. तशीच एक प्रत लंब्याच्या बायकोलाही पाठवली आहे म्हणे.

मुलानं पत्र घेतलं, घडी केली आणि पंपाच्या सुट्या भागांच्या डब्यात ठेवलं. मला वाटलं, आता हा पुढच्या दारानं निघेल, ताठ मानेनं गल्लीतून जाईल. मी त्याच्या चपला पुढच्या दारात नेऊन ठेवल्यासुद्धा. संध्याकाळी त्यानं त्या उचलल्या आणि मागच्या दारानं गेला.

मला कळत नाही. मान वर करायला आणखी काय लागतं माणसाला?

शनिवार, २२ फेब्रुवारी

मीटर बसले. भिंगरीनं मला कारखाना दाखवायला नेलं. मीच मागे लागले होते. तिचं मन नव्हतं.

केवढा तो आवाज, आणि केवढी ऊब. लाल गोळे एकामागून एक पडतात नि बाटल्या होऊन रांगेनं निघतात, शाळा सुटल्यासारख्या. पाण्याचा मीटर बघितला, उभ्या पाइपात, ऐटीत. मग वायूचा कुठं म्हणून बघते तर वर! पार भिंतीच्या टोकाला, लांब सरळ पाइपात. फक्त शिडी गेली होती, तिच्या जागी कठडा लावलेला रुंद जिना.

मी म्हटलं, "अगं, परत वर? मी एवढ्या खटपटीनं खाली आणवला होता!"

भिंगरी काही बोलायच्या आत वेल्डर म्हणाला, "आजी, खाली होता म्हणून तर सगळं झालं. वळणाच्या नाकावर मीटर बसवायला कुण्या शहाण्यानं सांगितलं कुणास ठाऊक. वर होता तोवर सोन्यासारखा चालत होता."

"तू पाना घेऊन ये आधी," भिंगरी त्याच्यावर ओरडली. तिला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"कुठला पाना?"

"कुठलाही."

मग म्हणाली, "आजी, चल, इथं फार उकडतंय." गाडीत ती माझ्याकडे बघत होती आणि मी बाहेर बघत होते.

रविवार, २३ फेब्रुवारी

तांदूळ निवडले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

त्या पाच महिन्यांत एकदा तो जेवताना म्हणाला होता, "आई, भट्टीची ज्योत हल्ली पिवळी दिसते. निळी हवी. काटा तर बरोबर आहे." मी म्हटलं होतं, "चाळिशी लागली तुझ्या डोळ्यांना. काटा आता नाकासमोर आहे, त्याच्यावर विश्वास ठेव."

हे मला परवा आठवलं. त्याला कधीपासून आठवत असेल?

मी ती गोष्ट किती जणांना सांगितली ते मोजत होते. पाहुणे, भाजीवाली, दातांचा डॉक्टर. अपघातानंतरही सांगितली. लंब्याच्या तेराव्याहून आलेल्या माणसांनासुद्धा सांगितली असेन, गुडघ्यावरून विषय निघाला असेल. आणि दर वेळी तो उठून अंगणात जायचा.

चौकशीत त्यानं नुसतं म्हटलं असतं की मीटर पाच महिन्यांपूर्वी हलवला आहे, तर कुणीतरी विचारलं असतं, का हलवला, कुणी सांगितलं. ते त्यानं म्हटलं नाही.

साहेबाची सही होती हे खरं. भिंगरी म्हणते ते खोटं नाही. पण साहेबाच्या डोक्यात ते घातलं कुणी?

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी भिंगरी कामाला गेली, मुलगा पंपात डोकं घालून बसला, तेव्हा शालूच्या घडीतली जागा रिकामी आहे हे माहीत असूनही पेटी उघडली. मग भिंगरीच्या फायलीतून अर्ज घेतला. तिला न विचारता. पुढच्या दारानं निघाले. सात घरं म्हणजे काय लांब, पण मी दोनदा थांबले.

लंब्याची बायको मशीनवर होती. केस पांढरे झाले आहेत तिचे. मला बघून तिचे हात थांबले, पण तोंड फिरवायचं ती विसरली असावी.

म्हणाली, "पत्र मिळालं मला, मावशी. वाचलं."

"त्यात एक गोष्ट नाही," मी म्हटलं. आणि अर्ज तिच्यापुढे ठेवला.

तिनं वाचला. "हे तर तुमच्या मुलाचं अक्षर."

"अक्षर त्याचं. शब्द माझे. शिडी चढून त्याचा गुडघा दुखत होता म्हणून काटा खाली आणायला मी सांगितलं. नको म्हणत होता तो. ज्योत पिवळी दिसते म्हणाला तेव्हाही मीच गप्प बसवलं. तुझा नवरा गेला तो त्या काट्यापायी. मला हे शनिवारी कळलं. मुलाला, मला वाटतं, पहिल्या दिवसापासून माहीत असावं."

बाहेर कुणीतरी बादली ओढत गेलं. तो आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

ती म्हणाली, "अकरा वर्षं मी त्याला बघून तोंड फिरवलं."

मी म्हटलं, "आता मला बघून फिरव."

तिनं फिरवलं नाही. बसा असंही म्हणाली नाही. अर्जाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "त्यानं कधी सांगितलं नाही? कुणालाच?"

"नाही."

"ह्यांनाही गुडघ्याचा त्रास होता," ती म्हणाली. "काटा खाली आला तेव्हा घरी येऊन सांगत होते, देव भलं करो ज्यानं सुचवलं त्याचं."

मला उंबरा दिसेना. तिनं कोपराला धरून बाहेर आणून सोडलं. धरलं घट्ट.

घरी आले तर मुलगा पुढच्या दारात उभा. हातात काळं तेल, तसाच.

"कुठं गेली होतीस?"

"सात घरं सोडून."

त्यानं माझ्या हातातला कागद बघितला. आणि काय ओरडला! "तुला कुणी सांगितलं होतं? कुणी सांगितलं होतं हे? मी अकरा वर्षं..." पुढचं आलंच नाही. पायरीवर बसला आणि तेलाचे हात तोंडावर घेतले. मी शेजारी बसले. पदरानं तोंड पुसायला गेले तर सगळीकडे काळंच पसरलं.

मी म्हटलं, "आईला न सांगता एवढं मोठं काही करायचं नसतं."

तो म्हणाला, "आईनं रोज विचारलं असतं तर सांगितलं असतं. तू रोज सांगत होतीस."

अकरा वर्षांत पहिल्यांदा पोरगा माझ्यावर ओरडला. लिहिताना लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

शनिवार, १ मार्च

भिंगरीनं मला रागावून घेतलं, मग जवळ घेतलं, मग पुन्हा रागावली. म्हणाली, "अर्ज माझ्या फायलीतून चोरलास." मी म्हटलं, "माझ्या पेटीतून तू नेला होतास." तो आता पुन्हा शालूत ठेवायचा नाही. तिच्याच फायलीत राहू दे, लोकांना शिकवायला कामी येईल. साहेबाच्या सहीखाली माझंही नाव लिही म्हटलं. ती लिहीत नाही. म्हणून इथं लिहिते: सांगणारी मी.

आज घरातलं मीठ संपलं. मुलगा उठला, मागच्या दाराकडे गेला आणि तिथं उभा राहिला. मी चुलीकडेच बघत होते, मान वळवली नाही. वळवली असती तर तो गेला नसता. मग तो परत आला, माझ्या मागून गेला आणि पुढच्या दारात चपला घातल्या.

तेव्हा मी उठले. दाराच्या फटीतून बघितलं. पहिलं घर, दुसरं घर, भिंतीच्या कडेनं. मशीनचा आवाज येत होता. पाचवं, सहावं. सातव्या घराशी तो पोचला तसं मशीन थांबलं. तोही थांबला. मी कडी इतकी घट्ट धरली की हातावर वळ उठला, आत्ताही दिसतोय.

कोण काय बोललं ते इथवर ऐकू आलं नाही. बोललं की नाही, तेही माहीत नाही. मी विचारणार नाही.

थोड्या वेळानं मशीन पुन्हा सुरू झालं. आणि माझा मुलगा गल्लीच्या टोकाशी, बाजाराकडे, वळसा न घालता सरळ चालत होता. डावा गुडघा थोडा धरूनच, पण सरळ.